खेळाची संहिता आणि खेळणाऱ्यांची समीक्षा

मराठी समीक्षेने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वाङ्मयप्रकारांची जी यादी सिद्ध केली, तीत कथा, कादंबरी, नाटक, काव्य आणि ललित गद्य यांना पक्की घरे मिळाली. कीर्तनातील आख्यान, तमाशातील वग, दशावतारी खेळ यांना मात्र दीर्घकाळ ओसरीवरच बसावे लागले. कारण उघड आहे. जे लिखाण वाचण्यासाठी नसून करून दाखविण्यासाठी असते, ज्याचा अर्धा भाग कागदावर येतच नाही, त्याची परीक्षा कोणत्या निकषावर करावयाची, हे ग्रंथनिष्ठ समीक्षेला नीटसे उमगले नाही. अशाच एका प्रकाराविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याच्याभोवती चालणाऱ्या चर्चेविषयी, मला येथे लिहावयाचे आहे. तो प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांसाठी प्रसिद्ध होणारी ‘साहसे’.

बेंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे अशा चर्चेचे ठिकाण म्हणून कोणास सुचणार नाही. बाह्य वर्तुळमार्ग, संगणक-कंपन्यांची संकुले आणि त्यांच्या आश्रयाने उभे राहिलेले उंच निवासी मनोरे हे त्याचे आजचे रूप. या मनोऱ्यांत पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-बेळगावची पुष्कळ मराठी तरुण मंडळी राहतात. त्यांतील काही जण सुटीच्या दिवशी एकत्र जमतात, फासे आणि नकाशे मांडतात, आणि चार-पाच तास एक कथा मिळून घडवितात. खेळ संपल्यावर जे बोलणे सुरू होते ते मला खेळाइतकेच महत्त्वाचे वाटले. नवे साहस कसे उतरले आहे, त्यातील तिसरे प्रकरण का फसते, खलनायकाचा हेतू पुरेसा पटतो की नाही, जुन्या साहसाची नवी आवृत्ती मूळाला न्याय देते की नाही, असे प्रश्न तेथे तावातावाने चर्चिले जातात. साहित्याच्या पदव्युत्तर वर्गातही संहितेशी इतकी जवळीक क्वचितच आढळते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात एक जण निवेदक असतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. निवेदक प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा निवाडा देतो. आरंभी प्रत्येक निवेदकाने आपले जग आपणच रचावे अशी अपेक्षा होती. परंतु लवकरच तयार साहसांची पुस्तके निघू लागली. अशा पुस्तकात नकाशे असतात, स्थळांची क्रमवार वर्णने असतात, तेथे भेटणाऱ्या व्यक्तींचे आणि प्राण्यांचे स्वभाव व सामर्थ्य दिलेले असते, आणि खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवावयाचा मजकूर पुष्कळदा चौकटीत छापलेला असतो. पुस्तकात नसतो तो फक्त नायक. नायक टेबलाभोवती बसलेले असतात, आणि ते काय करतील हे लेखकाला ठाऊक नसते.

ही रचना आपल्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्याआधीच्या वर्षी उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, आणि त्यांवरूनच चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत तसे काही करण्याची प्रेरणा दिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. भाव्यांच्या खेळात पदे लिहिलेली असत व ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत, ती नटांनी प्रसंगानुसार आयत्या वेळी करावयाची असत. सिंधुदुर्गातील दशावतारात आजही आख्यानाची रूपरेषा खेळापूर्वी सांगितली जाते आणि संवाद रंगभूमीवर जन्म घेतात. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील ताळमद्दळे हा प्रकार तर याहूनही जवळचा. तेथे वेष नाही, नृत्य नाही. भागवत छापील प्रसंगातील पदे गातो आणि बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राच्या वतीने उत्स्फूर्त युक्तिवाद करतात. शेणी गोपालकृष्ण भट्ट यांच्यासारख्या अर्थधारींनी तोच प्रसंग वारंवार नव्याने उभा केला, आणि त्यांच्या वाली-रावणाविषयी रसिक ज्या हिरिरीने बोलत, ती बेळ्ळंदूरच्या बैठकीतील हिरिरीची सख्खी बहीण आहे. चौकटीतला मजकूर वाचणारा निवेदक आणि पदे गाणारा भागवत यांचे नाते ओळखण्यास तौलनिक साहित्याची पदवी लागू नये.

मात्र साम्य दाखवून थांबणे म्हणजे तौलनिक अभ्यासाची निम्मीच वाट चालणे होय. भेद महत्त्वाचा आहे. ताळमद्दळ्यात वाली कितीही तेजस्वी युक्तिवाद करो, अखेरीस त्याला रामाच्या बाणाने मरावेच लागते. सीतास्वयंवरात धनुष्य रामच उचलतो. आख्यानाचा शेवट श्रोत्यांना आधीच ठाऊक असतो. रस असतो तो तेथवर जाण्याच्या रीतीत. भूमिका-खेळात शेवट कोणासच ठाऊक नसतो. वाली वाचू शकतो, राम धनुष्यापाशी न जाता परत फिरू शकतो, आणि सीता स्वतःच धनुष्य उचलून निघून जाऊ शकते. त्यामुळे या संहितेचा कस लावण्याचा निकषही निराळा होतो. तिने सांगितलेला शेवट किती परिणामकारक आहे, हा प्रश्न येथे गौण ठरतो. ती किती शेवट पेलू शकते, आणि त्यांतील प्रत्येक शेवट किती अर्थपूर्ण होऊ शकतो, हा खरा प्रश्न.

हा निकष कोणा प्राध्यापकाने घालून दिलेला नाही. तो खेळणाऱ्यांच्या चर्चेतून वर आला आहे. जे साहस खेळाडूंना एकाच मार्गाने पुढे ढकलते, त्याला ही मंडळी आगगाडीच्या रुळांची उपमा देतात. जे प्रदेश मोकळा ठेवून निवड त्यांच्यावर सोपविते, त्याला वाळूच्या हौदाची. पहिल्यात कथेला आकार असतो, पण स्वातंत्र्य गुदमरते. दुसऱ्यात स्वातंत्र्य असते, पण कथा वाळूसारखी बोटांतून निसटते. मराठी नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला येथे जुना वाद आठवल्याशिवाय राहणार नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि संवाद आधी लिहून काढलेल्या ‘बुकिश’ नाटकांचा ओघ सुरू झाला. संहितेची प्रतिष्ठा वाढली, विचाराला बांधेसूदपणा आला. पण नटाची उत्स्फूर्त वाणी हळूहळू मागे पडली. आपण त्या वेळी काय मिळविले याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. काय गमावले त्याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. रूळ आणि वाळू यांविषयीचा हा वाद ऐकताना तो हिशेब पुन्हा उघडावासा वाटतो.

या प्रकाराने स्वतःच्या मर्यादांवर उपायही शोधले आहेत. १९७८ चे गायगॅक्सकृत ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे खेळाडूंच्या सावधपणाची कठोर परीक्षा घेणारे थडगे होते. त्यात कथा जवळजवळ नव्हतीच. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ने खलनायकाला भूतकाळ, प्रेम आणि हेतू दिला. शिवाय महत्त्वाच्या वस्तू कोठे सापडतील आणि खलनायकाला नेमके काय हवे आहे, हे भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांवर सोपवून दर खेळात संहिताच थोडी बदलण्याची सोय केली. २०१६ साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने तिचा विस्तार झाला, त्यातही पत्ते राहिले. २०२४ मध्ये सहा जुनी साहसे नव्या नियमांनुसार ‘क्वेस्ट्स फ्रॉम द इन्फिनिट स्टेअरकेस’ या ग्रंथात पुन्हा आली. त्यांतील ‘द लॉस्ट सिटी’ हे टॉम मोल्डवे यांचे १९८२ चे साहस; मुळात त्यातील भूमिगत नगरी बरीचशी रेखाटनापुरतीच ठेवून उरलेले निवेदकावर सोडलेले होते. अशा रिकाम्या जागा नव्या आवृत्तीने भराव्यात की नाही, भरल्या तर ते मूळ संहितेचे संपादन की तिचे प्रक्षिप्तीकरण, असा वाद बेळ्ळंदूरच्या टेबलावर मी ऐकला. पाठचिकित्सेची परिभाषा ज्यांनी कधी कानावर घेतली नाही, त्यांच्या तोंडी तिचा गाभा अचूक उतरला होता. २०२५ च्या ‘ड्रॅगन डेल्व्हज’मध्ये दहा छोटी साहसे आहेत; त्यांविषयी बोलतानाही लघुकथा आणि कादंबरी यांच्या आवाक्यातील फरकच प्रत्यक्षात चर्चिला जात होता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. ही सारी चर्चा बाजारातील मालाविषयी आहे. कंपनी नवे पुस्तक काढते, ग्राहक त्याची पारख करतात. याला समीक्षा कसे म्हणावे? त्यात तथ्य आहे. पुष्कळदा पुस्तक खेळण्याआधीच त्यावर मत दिले जाते, आणि अशा मताची किंमत प्रयोग न पाहता लिहिलेल्या नाट्यपरीक्षणाइतकीच असते. पण ग्राहक वस्तू वापरतो. येथे वाचक संहितेचा सहकर्ता होतो. ज्याने एखादे प्रकरण स्वतः निवेदिले, मध्येच ते कोसळताना पाहिले आणि समोर बसलेल्या चौघांच्या डोळ्यांदेखत ते सावरले, त्याचे मत प्रयोगातून तावून निघालेले असते. शिवाय हा वर्ग कंपनीचा आश्रित नाही. जानेवारी २०२३ मध्ये, इतरांना आपले लेखन करू देणारा जुना परवाना बदलण्याचा बेत उघड झाला, तेव्हा खेळणाऱ्यांनी इतका विरोध केला की कंपनीला माघार घ्यावी लागली आणि नियमांचा मूलभूत संच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली सर्वांना खुला करावा लागला. आपल्याकडे वाचकांच्या रेट्याने प्रकाशकाने असे काही केल्याचे मला स्मरत नाही.

संहितेच्या आशयावरही या चर्चेने परिणाम घडविला आहे. ‘रेव्हनलॉफ्ट’मधील भटक्या व्हिस्तानी जमातीचे चित्रण युरोपातील रोमा लोकांविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेले आहे, ही टीका वाढत गेली आणि २०२० साली कंपनीने ते बदलण्याचे मान्य केले. एखादी संपूर्ण जमात जन्मतःच दुष्ट कशी असू शकते, हा प्रश्नही त्याच सुमारास ऐरणीवर आला. मराठी वाचकाने येथे स्वतःच्या घरात पाहावे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का मनांतून गेला नाही, आणि आपल्या रंजक कादंबऱ्यांतील वाटमारे त्या शिक्क्यानेच ओळखले जात राहिले. दुसरीकडे, या प्रश्नाचे अत्यंत मूलगामी उत्तरही मराठीतच दिले गेले आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुले यांनी पुराणांतील दैत्यांना येथल्या मूळच्या रयतेचे राजे म्हणून पुढे आणले आणि बळीला न्यायाच्या सिंहासनावर बसविले. राक्षस कोणी ठरविला, हा प्रश्न अद्भुतकथेला विचारण्याचा अधिकार ज्या भाषेने दीडशे वर्षांपूर्वी मिळविला, तिने या चर्चेत मागच्या बाकावर बसण्याचे कारण काय?

खुद्द ‘राक्षस’ हा शब्द या खेळात १९७० च्या दशकातच पोहोचला आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो वाघाच्या तोंडाचा, ऐटीत हुक्का-चिलीम ओढणारा, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा असा अवतरला, त्यामागे रामायणाहून एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचा हात अधिक होता. भाव्यांच्या रंगभूमीवर ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ठोकत येणाऱ्या राक्षसपार्टीशी त्याची ओळख नाही, की बळीशीही नाही. अलीकडे हे चित्र थोडे पालटत आहे. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या तेरा साहसांच्या संग्रहात मिमी मंडल या बंगाली लेखिकेने बंगालच्या नद्या, पूर आणि लोकश्रद्धा यांतून एक प्रदेश उभा केला. बेळ्ळंदूरच्या बैठकीत या साहसाविषयी कौतुकाने बोलले जात होते. त्या कौतुकाच्या तळाशी मला एक न विचारलेला प्रश्न दिसला: आमचे कोठे आहे?

तो प्रश्न अखेर भाषेचा आहे. ही मंडळी खेळतात इंग्रजीत. थट्टा मराठीत होते, फासा उलटा पडला की उद्गार मराठीत निघतो, मध्येच चहा मराठीत मागितला जातो. परंतु किल्ल्याचे दार उघडते ते इंग्रजीतच. म्हणजे अद्भुत, भय, गांभीर्य आणि वीरश्री ही सारी परभाषेच्या वाट्याला, आणि मराठीच्या वाट्याला चहा. ज्या भाषेत माणूस कल्पना करीत नाही, ती त्याच्या जवळ राहते खरी, पण घरगड्यासारखी. परप्रांतात वाढणाऱ्या पुढच्या पिढीबाबत तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. मुलांना मराठी ‘बोलता येते’ एवढ्यावर आपण समाधान मानतो; तीत त्यांना स्वप्न पाहता येते का, हे कोणी विचारीत नाही.

मराठीत असे साहस लिहावयाचे तर अडचणी येतील, पण त्या फलदायी आहेत. इंग्रजीत निवेदक एका सर्वनामात सर्वांना संबोधितो. मराठीत त्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावी लागेल, आणि ती निवड म्हणजेच निवेदक व नायक यांच्या नात्याचा निर्णय होय. ‘तू आत गेलास’ की ‘तू आत गेलीस’, हे छापील मजकुराला आधी कळणार नाही. उलट ‘तू दार उघडलेस’ किंवा ‘तुला पायऱ्या दिसतात’ या रचनांत कर्त्याचे लिंग झाकलेलेच राहते. आपल्या व्याकरणाची ही सोय आजवर कोणा कथाकाराने मुद्दाम वापरण्याची गरज पडली नव्हती. बोलींचा प्रश्नही असाच. डोंगराखालचा खाणकामगार मालवणी बोलेल की अहिराणी, वऱ्हाडी की बेळगावी? आणि ती बोली हशा पिकविण्यासाठी येईल, की ज्ञानी माणसाची वाणी म्हणून? रंगभूमीने आणि चित्रपटाने बोलींवर विनोदाचे जे ओझे लादले, ते येथे उतरविता येईल. तसे झाले नाही तर तेच ओझे नव्या गाढवावर चढेल.

सामग्रीची तर वाण नाहीच. मंजुघोषा-मुक्तामालांच्या काळापासून मराठीला अद्भुताची ओढ आहे, आणि नारायण धारपांनी भयाला अस्सल मराठी घरांत आणून बसविले. पण ग्रंथांतच शोधावयास हवे असे नाही. बेळ्ळंदूरचा तलाव या शहरातील सर्वांत मोठा. त्याच्यावर विषारी फेस साचून तो रस्त्यापर्यंत उडत आला. २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला, २०१७ आणि २०१८ मध्ये तलावावर पुन्हा आगी लागल्या. ज्या गावात पाणी जळते, तेथील तरुणांनी अग्निमुख ड्रॅगन शोधीत दूरदेशीच्या गुहांत जावे, यात अद्भुताची टंचाई नसून आपल्याकडे पाहण्याच्या दृष्टीची टंचाई आहे. तलाव कोणी पेटविला, राक्षस कोणता, आणि तो नगराबाहेर राहतो की नगराच्याच सांडपाण्यात, हे प्रश्न घेऊन एक उत्तम साहस लिहिता येईल; आणि त्याला एकच शेवट नसेल, हे त्या तलावाच्या इतिहासाशी सुसंगतच ठरेल.

माझी सूचना मर्यादित आहे. या खेळाचे मूळ नियम आता सर्वांना खुले आहेत. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत ते उतरलेही आहेत. मराठीत त्यांचा नेमका अनुवाद व्हावा, आणि त्याबरोबर सोळा-वीस पानांचे एक स्वतंत्र साहस लिहिले जावे. ते आधी चार-पाच ठिकाणी खेळले जावे आणि मगच छापावे. भाव्यांची आख्याने आधी रंगभूमीवर आली, ग्रंथात नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा. विद्यापीठीय नियतकालिकांनी अशा संहितांना आणि त्यांच्या प्रयोगांच्या परीक्षणांना थोडी जागा द्यावी. परीक्षण लिहिण्यासाठी प्राध्यापक शोधण्याची गरज नाही. टेबलाभोवती बसलेल्यांना विचारावे. त्यांच्यापाशी निकष आहेत, संहितेशी जवळीक आहे, आणि मतभेदाची खुमखुमीही आहे. उणीव आहे ती एवढीच, की ज्याविषयी त्यांनी मराठीत भांडावे असे पुस्तक अजून त्यांच्या हाती कोणी दिलेले नाही.